सूर चुकला, पण नेमका कुठे?

आज सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

बंगळुरूत राहून मला तीसेक वर्षं झाली. इथल्या एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांची गाण्याची स्पर्धा असते. थोडंफार गाणं शिकलेला माणूस म्हणून मला परीक्षकाच्या खुर्चीवर बसवतात. काही वर्षांपूर्वी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी तिथे अभंग गायली. वरच्या षड्जाकडे जाताना तिचा सूर दर वेळी थोडा खाली राहत होता. मी माईक हातात घेतला आणि म्हणालो, "आवाज गोड आहे बाळा, पण सुराशी तुझी ओळख अजून व्हायची आहे." सभागृह हसलं. मलाही बरं वाटलं, वाक्य जमलं होतं ना! पुढच्या वर्षी ती आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तिची आई मला संपिगे रोडच्या मेट्रो स्टेशनवर भेटली. मी सहज चौकशी केली. त्या म्हणाल्या, "ती आता गात नाही सर. कीबोर्ड शिकते. त्यात सूर चुकत नाही म्हणते."

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला. असं वाक्य मी शिकलो कुठे? माझे गुरुजी कडक होते, पण असं कधी बोलले नव्हते. चुकलं की ते फक्त "हं, पुन्हा" म्हणायचे. वीस वेळा चुकलं तर वीस वेळा "पुन्हा". खोलीत आम्ही तीन-चार शिष्य आणि तंबोरा. लाज वाटली तरी ती त्या चार भिंतींतच राहायची. सगळेच गुरू असे शांत नव्हते, हे मला ठाऊक आहे. शिव्या खाल्लेले आणि मार खाल्लेलेही शिष्य आपल्याकडे भरपूर आहेत. पण तिथे एक गोष्ट नव्हती. शिष्याची चूक बघायला तिकीट काढून कुणी आलेलं नव्हतं. मैफलीत श्रोते दाद द्यायचे. गाणं आवडलं नाही, तर गप्प बसायचे, फार तर पान लावायला घ्यायचे. गवयाला ते बरोबर कळायचं.

माझं ते वाक्य मी टीव्हीवरून उचललं होतं. म्हणून आज त्याचाच इतिहास बघू.

परीक्षक ही जात टीव्हीच्या आधीची आहे. स्वातंत्र्यानंतर आकाशवाणीवर गाण्यासाठी रीतसर स्वरचाचणी सुरू झाली. तेव्हाचे नभोवाणी मंत्री होते आपले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, 1952 ते 1962 अशी दहा वर्षं. चाचणी मंडळाच्या कामात पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांसारखे विद्वान होते. नावाजलेल्या कलावंतांनाही परीक्षा द्यावी लागणार म्हटल्यावर मोठा गदारोळ झाला. राग बरोबर होता की चूक, हा वाद मी आज काढत नाही. मला त्यातला एकच तपशील हवा आहे. निकाल कागदावर लागायचा. 'बी', 'बी हाय', 'ए', 'टॉप' अशी श्रेणी मिळायची. कलावंत चिडायचा, रडायचा, पण आपल्या घरी.

मग मेट्रो-मर्फी स्पर्धा. महेंद्र कपूर 1957 मध्ये ती जिंकून पुढे आले. परीक्षक कोण, तर नौशाद, सी. रामचंद्र, अनिल विश्वास, मदन मोहन, वसंत देसाई. म्हणजे ज्यांना गायक हवा होता, तेच निवडायला बसले होते. जिंकणाऱ्याला काम मिळणार होतं. परीक्षक काय बोलला, याला फारसं महत्त्व नव्हतं.

1995 मध्ये झी टीव्हीवर 'सा रे ग म' सुरू झालं. सोनू निगम सूत्रसंचालक. खुर्चीवर नौशाद, खय्याम, कल्याणजी अशी माणसं येत. श्रेया घोषाल तिथल्याच मुलांच्या विशेष भागातून पुढे आली आणि कल्याणजींनी तिच्या आईवडिलांना मुंबईला येण्याचा सल्ला दिला, हे तुम्ही वाचलं असेल. त्या काळातले जुने भाग बघा. परीक्षक बहुधा थोडक्यात बोलतात. दोन वाक्यं, एखादा सल्ला, पुढचा स्पर्धक.

गाडी वळली ती 2001 नंतर. इंग्लंडमध्ये 'पॉप आयडॉल' आलं, 2002 मध्ये अमेरिकेत 'अमेरिकन आयडॉल'. सायमन कॉवेल हा परीक्षक तिथे गाणाऱ्यांइतकाच प्रसिद्ध झाला, तो फटकळपणामुळे. 2004 मध्ये तोच साचा 'इंडियन आयडॉल' म्हणून आपल्याकडे आला. पहिल्याच वर्षी आपला अभिजीत सावंत जिंकला, म्हणून मराठी घरांत तो हंगाम अजून आठवतो. या साच्यात एक मोठा बदल होता. विजेता लोकांच्या एसएमएसवर ठरू लागला. आता विचार करा, निकाल लोक देणार असतील, तर परीक्षकाने करायचं काय? त्याने बोलायचं. त्याचं बोलणं हाच कार्यक्रमाचा एक पदार्थ झाला. चाचणी फेरीत बेसूर माणसं मुद्दाम दाखवायची आणि त्यांची टर उडवायची, ही रीत तिथूनच आली. आम्ही घरी बसून हसलो. मीही हसलो आहे.

आणि याच वर्षांत दक्षिणेत एक माणूस हे काम अगदी वेगळ्या पद्धतीने करत होता. एस. पी. बालसुब्रह्मण्यम. 1996 पासून तेलुगूत 'पाडुता तीयगा', आणि ई-टीव्ही कन्नड सुरू झाल्यावर कन्नडमध्ये 'एदे तुंबि हाडुवेनु', म्हणजे ऊर भरून गाईन. मी कन्नड शिकलो ते निम्मं दूधवाल्याकडून आणि निम्मं या कार्यक्रमातून, असं म्हटलं तरी चालेल.

एसपी काय करायचे? गाणं संपलं की आधी त्या गाण्याचा कवी कोण, संगीतकार कोण, हे सांगायचे. मग चुकलेली जागा स्वतः गाऊन दाखवायचे. "तू असं म्हणालास, ते असं आहे." शब्द तोडून श्वास घेतला असेल, तर तो कुठे घ्यायचा हे दाखवायचे. उच्चारावर त्यांचा कटाक्ष असायचा. आणि मुलाकडून ती ओळ पुन्हा म्हणवून घ्यायचे. माझ्या गुरुजींचं "हं, पुन्हा" मला तिथे कॅमेऱ्यासमोर ऐकू आलं.

एसपींचा स्वतःचा अनुभव यामागे असावा, असं मला वाटतं. ते अनेकदा सांगायचे की तरुणपणी गुडूरच्या एका स्पर्धेत त्यांना दुसरं बक्षीस मिळालं. बक्षीस द्यायला आलेल्या एस. जानकी मंचावरच म्हणाल्या, पहिलं या मुलाचं होतं. शास्त्रीय गाणं ते रीतसर शिकलेले नव्हते. असा माणूस गदगच्या पंचाक्षरी गवयांवरच्या कन्नड चित्रपटात हिंदुस्तानी ढंगाचं गाणं गायला आणि 1995 चा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आला. संगीत हंसलेखांचं. आपल्याला काय येत नाही, हे ज्याला पक्कं माहीत असतं, त्याला दुसऱ्याची अडचण लवकर दिसते.

आता 2008. कोलकात्याची सोळा वर्षांची एक मुलगी बंगाली वाहिनीवरच्या नाचाच्या स्पर्धेत होती. परीक्षकांनी तिला बोल लावले. त्यानंतर तिची वाचा गेली, हातपाय चालेनात. तिला उपचारांसाठी आपल्या बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आणलं होतं. देशभर बातम्या झाल्या. बोलणी खाल्ल्यामुळेच ती आजारी पडली, असं मी म्हणणार नाही. ते ठरवणं डॉक्टरांचं काम आणि ते इतकं सरळ नसतं. पण होसूर रोडवरच्या त्या इस्पितळाच्या दारावरून जाताना मला अजून ती बातमी आठवते. त्या प्रकरणानंतर मुलांच्या कार्यक्रमांसाठी नियम हवेत, अशी चर्चा जोरात झाली. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने 2010-11 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. मुलांची टर उडवू नये, त्यांना टाकून बोलू नये, असं त्यात आहे. पुढे 2017 मध्ये बालकामगार कायद्याखालचे नियम बदलले. बालकलाकाराला दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, आणि कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत.

योगायोग बघा, 2008 मध्येच मराठीत 'लिटिल चॅम्प्स' सुरू झालं. परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, सूत्रसंचालक पल्लवी जोशी. फेब्रुवारी 2009 मध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली, पण लोकांच्या तोंडी पाचही नावं राहिली: कार्तिकी, प्रथमेश, आर्या, मुग्धा, रोहित. इथे राजाजीनगरात आमच्या ओळखीची मराठी घरं त्या वेळी फोन घ्यायची नाहीत. तिथे मुलांना कुणी तोडून बोलत नव्हतं, कौतुक भरपूर होतं, आणि ती मुलं त्याला पात्रही होती.

पण कौतुकाचंही एक यंत्र होतं. हळूहळू लंबक दुसऱ्या टोकाला गेला. परीक्षक उभे राहू लागले, रडू लागले, खुर्चीवरून मंचावर धावू लागले. 2021 मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या बाराव्या हंगामात किशोरकुमारांवरच्या भागाला अमितकुमार पाहुणे होते. नंतर त्यांनी जाहीरपणे सांगितलं की सगळ्यांचं कौतुक करा, असं आपल्याला आधीच सांगितलं होतं. सुनिधी चौहाननेही परीक्षकाची खुर्ची सोडण्यामागे असंच कारण दिलं. सुनिधी स्वतः 1996 च्या 'मेरी आवाज सुनो'ची विजेती, म्हणजे स्पर्धा तिला आतून माहीत. मला विचाराल तर टर उडवणं आणि असं कौतुक ही एकाच घरातली भावंडं आहेत. दोन्हींत मुलाला घरी घेऊन जाण्यासारखं काही मिळत नाही.

एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण ती फारशी बोलली जात नाही. पट्टी. समजा बारा वर्षांच्या मुलीने पुरुषाचं गाणं निवडलं. मूळ गाणं काळी एकमध्ये. तिचा गळा काळी चार-पाचचा. वादकांना मूळ पट्टीत वाजवणं सोपं, प्रेक्षकांच्या कानालाही तीच पट्टी ओळखीची. मग ती मुलगी मूळ पट्टीत गाते, मंद्रातले सूर तिच्या गळ्यात नाहीतच, ते नुसती हवा होऊन जातात. परीक्षक म्हणतो, "खालचे सूर लागले नाहीत." बरोबर आहे, लागले नाहीत. पण ही चूक कुणाची? त्यात अनेक कार्यक्रमांत चित्रण झाल्यावर आवाजावर संस्कार होतात. परीक्षकाने ऐकलेलं गाणं आणि तुम्ही घरी ऐकलेलं गाणं एकच असेल, याची खात्री नाही. "एवढं छान गायली, तरी का बोलला?" असं आपण सोफ्यावरून म्हणतो, तेव्हा हे लक्षात ठेवावं.

कन्नड 'सारेगमप'मध्ये मला एक गोष्ट आवडते. परीक्षक विजय प्रकाश, मूळचे म्हैसूरचे, 1999 मध्ये स्वतः हिंदी 'सा रे ग म'च्या अंतिम फेरीत होते. खुर्चीच्या पलीकडे उभं राहणं काय असतं, ते त्यांनी भोगलं आहे. त्यांच्याबरोबर हंसलेखा महागुरू म्हणून बसायचे. याच मंचावर हावेरी जिल्ह्यातला मेंढ्या राखणारा हनुमंत आला आणि 2019 मध्ये उपविजेता झाला. त्याच्या लोकगीतांना शास्त्रीय गाण्याची फूटपट्टी लावली असती, तर तो पहिल्याच फेरीत घरी गेला असता. फूटपट्टी कोणती लावायची, हे ठरवणं परीक्षकाचं निम्मं काम आहे. आणि टीका फक्त खुर्चीवरून येत नाही. 2017 मध्ये याच कार्यक्रमात शिवमोग्ग्याकडच्या एका मुस्लिम तरुणीने हिंदू भक्तिगीत गायलं. परीक्षकांनी पाठ थोपटली, पण बाहेर समाजमाध्यमांवर तिला धमकावणारे निघाले. तिचा सूर कसा लागला, याबद्दल त्यातलं कुणी बोलत नव्हतं.

आता माझं सांगतो. मेट्रोतल्या त्या भेटीनंतर मी माईकवर बोलणं बंद केलं. प्रत्येक मुलासाठी एक चिठ्ठी लिहितो आणि कार्यक्रम संपल्यावर हातात देतो. "दुसऱ्या कडव्यात तिसऱ्या ओळीआधी श्वास घे." "पट्टी अर्ध्या सुराने उतरव, घरी आजीसमोर म्हणून बघ." "झपतालात सातवी मात्रा सुटते, टाळी देऊन म्हण." एका चिठ्ठीला पाच-सात मिनिटं लागतात. तीस मुलं असली की जेवण थंड होतं आणि बायको रागावते. पालकही नाराज असतात, कारण व्हिडिओत टाकायला त्यांना काही मिळत नाही. एक वडील चिठ्ठी हातात धरून मला म्हणाले, "सर, हे सगळं ठीक आहे, पण तुम्ही नुसतं 'वा' म्हणाला असता तर पोराला किती बरं वाटलं असतं." तेही खरंच आहे. 'वा' म्हणायला मी कंजूषपणा करतो, ही माझी जुनी खोड.

ती कीबोर्डवाली मुलगी आता अकरावीत असेल. तिला द्यायची चिठ्ठी मी लिहून ठेवली आहे, पाच वर्षं उशिरा. वरच्या षड्जाला जाताना ती हनुवटी उचलायची, त्यामुळे गळा आवळायचा. एवढंच होतं. तिच्या आईचा नंबर त्या दिवशी घ्यायचा राहिला.

यंदाच्या गणपतीचं बोलावणं परवा आलं. कार्यकर्ते उत्साही आहेत. परीक्षकांच्या टेबलावर एक सोनेरी बटण ठेवू या का, असं विचारत होते. दाबलं की वरून चमकी पडते म्हणे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.