आवाज पिणाऱ्या छताची कुळकथा

उपाहारगृहात शेजारच्याचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून आज छताला जे मऊ, सच्छिद्र तक्ते लावतात, त्यांचा जन्म एका व्याख्यानगृहाच्या दुखण्यातून झाला. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या फॉग कलासंग्रहालयातलं सभागृह निरुपयोगी ठरलं होतं. वक्त्याचा शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही आणि पुढचे शब्द त्यात बुडून जात. यावर उपाय शोधण्याचं काम वॉलेस सबाइन या भौतिकशास्त्राच्या तरुण प्राध्यापकाकडे आलं.

सबाइननं जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या. त्या थोड्याथोड्या मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सकाळी गाद्या परत जागेवर. अशा अनेक रात्रींनंतर १८९८ मध्ये सूत्र हाती आलं: खोलीचं घनफळ वाढलं की घुमण्याचा काळ वाढतो, शोषण वाढलं की तो घटतो. शोषण मोजायला त्यानं उघडी खिडकी हे माप धरलं, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. याच हिशेबावर उभा राहिलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल १९०० मध्ये खुला झाला.

गाद्यांचा हा गुण बांधकामाच्या साहित्यात उतरवायला सबाइनला जोडीदार मिळाला राफाएल ग्वास्ताविनो (धाकटे). न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातल्या ऑइस्टर बार या उपाहारगृहाच्या कमानी ग्वास्ताविनोंच्याच कंपनीच्या. तिथल्या कठीण, गुळगुळीत फरशा आवाज जसाच्या तसा परतवतात. बाहेरच्या कमानीखाली एका कोपऱ्यातली कुजबुज समोरच्या कोपऱ्यात ऐकू येते. त्याच कंपनीनं सबाइनसोबत सच्छिद्र फरशी घडवली आणि १९१४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. छिद्रांत शिरलेली हवा घासते आणि ध्वनीची ऊर्जा उष्णतेत विरते. आजच्या खनिज लोकरीच्या तक्त्यांचं कामही याच तत्त्वावर चालतं.

जेवणाच्या जागी हे शोषण दुहेरी कामी येतं. १९११ मध्ये फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी दाखवलं, की भोवती गलका असला की माणूस नकळत आवाज चढवतो. एक टेबल चढलं की दुसरं चढतं. घुमणं कमी झालं की माणसंही आपोआप हळू बोलू लागतात.

पूर्वी गालिचे, पडदे, टेबलावरची कापडं हे काम गुपचूप करत. उघडं काँक्रीट, काच आणि मोकळं स्वयंपाकघर यांची आवड आली तशी ती मऊ वस्त्रं गेली. २८० घनमीटरच्या दालनात २० चौरस मीटरइतकंच शोषण असेल, तर आवाज सव्वादोन सेकंद रेंगाळतो. छताला चांगले शोषक असे ४० चौरस मीटर तक्ते लावले, की तो ०.८ सेकंदावर येतो. अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम चिकटवून हे साधत नाही. खालचे स्वर पकडायला जाडी आणि मागे हवेची पोकळी लागते.

म्हणून दिवे आणि रंग ठरतात त्याच बैठकीत छताचा हिशेबही व्हायला हवा. ऐकू कमी येणाऱ्या आजीआजोबांना घरच्यांसोबत जेवताना गप्पांत सहभागी होता येणं, हा पाहुणचाराचाच भाग आहे, आणि तो साधायचं गणित सव्वाशे वर्षांपासून तयार आहे.