पिलो १०: पोस्टर बनवणारा जुना पायथन कोड बंद का पडला?

वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडणुकीचे निकाल, बाजारभाव... फीडमध्ये दिसणारी अशी कितीतरी कार्डं पायथनच्या छोट्या प्रोग्राममधून तयार होतात. फोटोवर अक्षरं उमटवण्यासाठी त्यात अनेकदा 'पिलो' ही मोफत लायब्ररी असते. १ जुलै २०२३ ला तिची १०.० आवृत्ती आली आणि अपडेट केल्यावर अनेकांचे चालू प्रोग्राम बंद पडले.

कारण 'टेक्स्टसाइझ' हे फंक्शन काढून टाकलं होतं. मजकूर किती रुंद आणि किती उंच, एवढंच ते सांगायचं. समजा, भंडारा जिल्ह्यातल्या करडी गावाचं नाव कार्डाच्या बरोबर मधोमध हवंय. 'करडी'ची वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते, 'तुमसर'चा उकार खाली उतरतो. अक्षरं नेमकी कुठून सुरू होतात, हे कळल्याशिवाय मध्य सापडत नाही. नवीन 'टेक्स्टबीबॉक्स' म्हणूनच चौकटीच्या चारही कडा देतं: डावी, वरची, उजवी, खालची.

खरी गडबड इथे होते. रुंदी म्हणजे उजवी वजा डावी. घाईत नुसती उजवी कड रुंदी म्हणून घेतली, तर प्रोग्राम निमूटपणे चालतो आणि नाव थोडं सरकलेलं छापलं जातं. प्रोग्राम बंद पडला तर निदान कळतं तरी.

पिलोने वर्षभर आधी, ९.२ पासून इशारा दिला होता. पण फंक्शन दुसऱ्या लायब्ररीच्या आतून वापरलं जात असेल, तर पायथन असे इशारे सहसा दाखवत नाही. व्हिडिओसाठीच्या 'मूव्हीपाय'चं तेच झालं. तिच्यातलं 'अँटीअलियास' हे नाव पिलो १० मध्ये उरलं नाही. त्या जागी 'लँक्झोस' लिहिलं की काम होतं. फिल्टर तोच आहे.

तात्पुरता उपाय म्हणून ९.५ वरच थांबता येतं. मात्र सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी फोटो उघडणाऱ्या कोडमधली गंभीर त्रुटी १०.०.१ मध्ये दुरुस्त झाली. लोकांनी पाठवलेले फोटो उघडणाऱ्या सर्व्हरवर जुनी आवृत्ती ठेवणं म्हणजे दार उघडं ठेवणं.

त्यातल्या त्यात सोय अशी, की 'टेक्स्टबीबॉक्स' २०२० च्या ८.० आवृत्तीपासूनच उपलब्ध आहे. त्यामुळे आधी जुन्या पिलोवरच कोड बदला, दोन-चार नावांची कार्डं जुन्या कार्डांशेजारी ठेवून पाहा आणि मगच अपडेट करा.