पॅड बांधून बसलेल्यांचा दिनविशेष

वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात रोज दिनविशेषाची चौकट असते. अमुक जन्मले, तमुक वारले, कुणी विक्रम केला. चहा संपायच्या आत ती वाचून होते. खेळाच्या इतिहासाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकांनी मात्र या चौकटीला कमी लेखू नये. गिरगाव, परळ, लालबाग, दादर या पट्ट्यातल्या माणसाला तर तिच्यातली बरीच नावे शेजारपाजारची वाटतील. तारखा पाठ करू नका. त्या दिवशी तिथे आणखी कोण होते, एवढे विचारून पाहा.

२४ एप्रिल १९७३ सर्वांना ठाऊक असते. त्या दिवशी दादरला सचिन तेंडुलकर जन्मले. पण दादरच्या क्रिकेटची तारीख विचाराल तर मी फेब्रुवारी १९८८ सांगेन. आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेचा उपांत्य सामना चालू होता. दादरच्या शारदाश्रम शाळेच्या सचिन आणि विनोद कांबळी या पोरांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अखंड भागी रचली: विनोद नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. डाव सोडा, हा प्रशिक्षक आचरेकर सरांचा निरोप दोघांनी सोयीस्करपणे ऐकलाच नाही. पुढचा फलंदाज, अमोल मुझुमदार नावाचा मुलगा, पॅड बांधून बसून राहिला. याच मुझुमदारांनी पुढे रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर मजल मारली, पण भारताकडून खेळण्याची पाळी काही आली नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक तेच होते. ६६४ चा आकडा वाचताना तो बाकावरचा मुलगा विसरू नये.

३ मार्च २०२५ ला पद्माकर शिवलकर गेले. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, कसोटी एकही नाही. भारतीय संघात डावखुऱ्या फिरकीच्या त्याच जागेवर बिशनसिंग बेदी होते. १९७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर शिवलकरांनी एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी टिपले. मुंबईचा तो सलग पंधरावा करंडक. अशा माणसाला चौकटीत एक ओळ मिळते, हे मला अजून खटकते.

बाळू पालवणकरांचे जन्मवर्ष कुठे १८७५, कुठे १८७६ छापलेले आढळेल. वाचकांनी गोंधळू नये. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या या गोलंदाजाला जातीपायी हिंदू संघाचे कर्णधारपद नाकारले गेले. १९२३ मध्ये ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. ४ जुलै १९५५ या मृत्युदिनाआड एवढे सारे आहे.

कबड्डीपाशी मात्र चौकटी विरळ होतात. १९९० मध्ये बीजिंगच्या एशियाडमध्ये ती आली आणि भारताने सुवर्ण जिंकले, हे सहज सापडते. त्याआधीच्या चढाया-पकडींसाठी लालबाग-परळच्या एखाद्या मंडळाच्या खोलीत संध्याकाळी डोकावा. ढालीवरचे साल वाचा, भिंतीवरचा फोटो पाहा आणि कोणी वयस्कर काका बसलेले असतील, तर कडेला उभा असलेला तो राखीव गडी कोण, ते विचारा.