काजूचा चीक आणि ‘होईल सवय’



शिमगा जवळ आला की आपल्याकडे ओले काजूगर काढायचं काम सुरू होतं. हातांना राख नाहीतर खोबरेल लावलं तरी चीक लागतोच. बोटं काळी पडतात, कातडी सोलवटते. नवी बाई कुरकुरली की जुन्या म्हणतात, “होईल सवय.” खरंच होते का?

काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला, तिथून तो आपल्या डोंगरउतारांवर आला. पुढे वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जाती दिल्या. बी सुधारली, टरफलातला चीक राहिला.

तसा चीक आपल्याला नवा नव्हता, कारण बिबा इथलाच. काजू, बिबा, आंबा ही एकाच आम्रकुळातली झाडं. बिब्याच्या रसाचा डाग धुऊन जात नाही, म्हणून धोबी त्याने कपड्यांवर खुणा करत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर खाजरे चट्टे उठले, तेही नेमके धोब्याच्या खुणेखाली! त्यांच्या लष्करी डॉक्टरांनी १९४३ साली हे छापून प्रसिद्ध केलं. अमेरिकेच्या रानात याच कुळातली एक विषारी वेल असते. तिचा चीक ज्याला एकदा बाधला, त्याला बिबाही बाधू शकतो. शरीर चीक ओळखून ठेवतं.

म्हणजे आपल्या हातांचं दुखणं दोन तऱ्हेचं आहे. एक भाजणं, चीक कोणालाही भाजतो. दुसरं वावडं, म्हणजे ॲलर्जी. ती काही जणींनाच होते. मग थोडासा चीक लागला तरी एक-दोन दिवसांनी खाज, पुरळ, पाण्याचे फोड येतात. चिकाचा हात लागला तर पापण्याही सुजतात. काम करून तळहात राठ होतो, त्याला आपण सवय म्हणतो. वावडं मात्र सोसल्याने जाईल असा भरवसा नाही. ज्या बाईला ते झालं, ती नाजूक नाही की कामचुकार नाही.

तेव्हा आत सुती आणि वर रबरी हातमोजे घाला, फाटले की बदला. कारखान्यात असाल तर गटाने मिळून मालकाकडे मागा. चिकाचा हात तोंडाला, डोळ्यांना लावू नका. साबणाने लगेच धुवा. कामाचं लुगडं वेगळं ठेवा. फोड आले तर डॉक्टरांना आधी सांगा, “मी काजूचं काम करते.”