बहिष्कार कोणत्या रजिस्टरात सापडतो?

गावात अत्याचार झाला की पहिला प्रश्न येतो, गुन्हा दाखल झाला का? आकडे हवेतच, आम्हीही ते मागतो. पण आकड्यांत न येणारा अन्याय कसा शोधायचा, हे बाबासाहेबांनी 1929 सालीच करून दाखवले आहे.

1928 साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीच्या चौकशीसाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. समितीने प्रांतात फिरून साक्षी ऐकल्या. 1930 च्या अहवालात ती सांगते की खटल्याच्या धाकाने उघड हिंसा कमी घडते. मग अस्पृश्य सुरक्षित होते म्हणायचे? साक्षींतून निघाले ते भलतेच. जमिनीवरून हुसकावणे, काम बंद, बलुते बंद, रोजची वाट बंद, वाण्याकडून माल बंद. कारण काय, तर कुणी सार्वजनिक विहिरीवर पाणी भरले, कुणी जमिनीचा तुकडा घेतला, कुणी चांगले कपडे घातले, कुणी नवरदेव घोड्यावर बसवून वरात काढली. वाण्याने मीठ दिले नाही म्हणून फौजदार काय लिहून घेणार?

याच दौऱ्यात बाबासाहेब धुळे लाईनवरच्या एका गावातला बहिष्कार तपासायला गेले. परत येताना चाळीसगावला उतरले. स्टेशनवरून महारवाड्यात जाताना टांगा पुलावर उलटला, ते दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. दप्तरी भाषेत हा निव्वळ अपघात. पण त्यांनी विचारपूस केली, तेव्हा कळले की एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. पाहुण्याचा मान राखायला वस्तीतल्याच माणसाने लगाम धरला, आणि त्याला टांगा हाकता येत नव्हता. बॅरिस्टरपेक्षाही टांगेवाला स्वतःला वरचा समजतो, हे त्या विचारपुशीतून उघडे पडले.

असल्या साक्षींना ‘किस्से’ म्हणून उडवणारे विद्वान आजही भेटतात. पण तीच हकिगत गावोगाव, एकमेकांना न ओळखणारी माणसे सांगतात, तेव्हा तो किस्सा राहतो का? बाबासाहेबांनी हाच अहवाल गोलमेज परिषदेत पुढे ठेवला आणि ब्रह्मदेशातील 1922 च्या कायद्याच्या धर्तीवर बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली. 1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात बहिष्काराला शिक्षा आली. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात मात्र तो स्वतंत्र गुन्हा व्हायला 2015 ची दुरुस्ती लागली!

आपल्या तथ्यशोधन पथकांच्या प्रश्नावलीत एफआयआर क्रमांक पहिल्या ओळीत असतो. तो मागे ढकला. आधी वस्तीतल्या बायांना विचारा, गिरणीवर दळण मिळते का, शेतावर बोलावणे येते का, वाट कोणती उरली आहे. हे सरपंचाच्या ओसरीवर बसून विचारू नका. आणि सांगणाऱ्याचे नाव कागदावर नको, पथक गेल्यावर त्याला त्याच गावात मजुरीला जायचे आहे.