कुत्रं, साखर आणि सव्वाशे वर्षांची उधारी

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर शेवटचा भाग तरी नक्की वाचा.

गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला एकच व्हिडिओ पाठवला. परदेशातली एक मुलगी गाढ झोपलीय, तिचा लॅब्रॅडॉर तिला पंजानं ढोसून उठवतो, ती रक्त तपासते आणि साखर खरंच खाली गेलेली असते. "तुझ्या बंड्यासारखंच की रे," असं चौघा-पाचजणांनी लिहिलं. मीही हसून अंगठा दाखवला आणि विसरलो.

दोन दिवसांनी मिरजेकडच्या एका रिक्षावाल्या दादांचा फोन आला. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला टाइप वन डायबेटिस आहे. एका ट्रेनरनं त्यांना असा कुत्रा 'तयार करून' द्यायचे अडीच लाख सांगितलेत. दादांनी विचारलं, "एफडी मोडू का?"

त्यांना फोनवर जे सांगितलं तेच आज इथं सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही.

आधी माझी बाजू. १९९४ साली, सहावीत असताना, मला टाइप वन झाला. म्हणजे तेव्हापासून रोज इन्सुलिन. इन्सुलिन जास्त झालं, जेवण लांबलं किंवा धावपळ झाली की रक्तातली साखर ७० च्या खाली जाते. त्याला आम्ही हायपो म्हणतो. सुरुवातीला हात थरथरायचे, घाम फुटायचा, मग मी साखर खायचो. पण बरीच वर्षं हायपो सोसल्यावर शरीर ह्या खुणा देणंच बंद करतं. माणूस बोलता बोलता बरळायला लागतो आणि त्याचं त्याला कळत नाही. बघणाऱ्याला वाटतं, दुपारीच चढवून आलाय.

बंड्या आमच्या जिन्याखाली पावसात सापडलेलं गावठी पिल्लू. ट्रेनिंग वगैरे काही नाही. एकदा रात्री तीन वाजता त्यानं माझी उशी ओढायला सुरुवात केली. मी खेकसलो, तरी हटेना. उठून तपासलं तर ४८. दुसऱ्या दिवशी बंड्याला अख्खं उकडलेलं अंडं मिळालं आणि तो गल्लीत हिरो झाला. ही गोष्ट मी इथं लिहिली होती, तुम्ही भरपूर लाइक केलीत.

पुढची गोष्ट मात्र लिहिली नव्हती, ती आज लिहितो. चार महिन्यांनी बायकोला पाणी प्यायला जाग आली तेव्हा मी घामानं चिंब होतो आणि भलतंच काहीतरी बडबडत होतो. मीटरवर ३१. तिनं थोडं थोडं करून साखरेचं पाणी पाजलं म्हणून आज ही पोस्ट लिहितोय. बंड्या माझ्या पायाशी घोरत होता. त्यानं कानसुद्धा हलवला नाही.

ह्या दोन रात्री मनात ठेवा आणि मग इतिहास वाचा.

मधुमेह हे नाव आपलं जुनं. लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या वैद्यांना दोन हजार वर्षांपूर्वीपासून ठाऊक होतं. पण बिघाड शरीरात नेमका कुठे आहे, ते कळलं एका कुत्र्यामुळे. साल १८८९, गाव स्ट्रासबुर्ग, तेव्हा जर्मनीत होतं. ऑस्कर मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं. त्यांना बघायचं होतं पचनाबद्दल. झालं भलतंच. बाहेर जाऊन लघवी करायची सवय असलेलं ते कुत्रं आत, जमिनीवर, पुन्हा पुन्हा लघवी करायला लागलं. मिंकोव्स्कीनं ती लघवी तपासली तर साखरच साखर. मधुमेहाचा धागा स्वादुपिंडाशी जुळला तो असा.

पुढची बत्तीस वर्षं स्वादुपिंडातला तो पदार्थ कुणाच्या हाती नीट लागेना. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरंटो विद्यापीठात, प्रोफेसर मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत, फ्रेडरिक बँटिंग हा तरुण सर्जन आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी कामाला लागले. सुरुवातीच्या आठवड्यांतच बरीच कुत्री दगावली. ३० जुलैला ४१० नंबरच्या कुत्र्याला त्यांनी स्वादुपिंडाचा अर्क टोचला आणि तासाभरात त्याची साखर २०० वरून १२० वर आली. पुढे ३३ नंबरची कुत्री, जिला सगळे मार्जोरी म्हणत, स्वादुपिंड नसताना ह्या अर्काच्या जोरावर जवळपास सत्तर दिवस जगली.

जेम्स कॉलिप यांनी तो अर्क शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन दिलं गेलं. ११ तारखेचं पहिलं इंजेक्शन फसलं, २३ तारखेपासूनची लागू पडली. त्याआधी अशा मुलांवर एकच उपाय होता, उपासमार. त्यानं मरण थोडं पुढे ढकललं जायचं, एवढंच. लिओनार्ड आणखी तेरा वर्षं जगला. १९२३ साली बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल मिळालं, आणि पेटंट बँटिंग, बेस्ट, कॉलिप या तिघांनी प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकलं.

आता ह्या गोष्टीतला एक कोपरा बघा, जो सहसा कुणी सांगत नाही. अर्क किती जोरकस आहे हे बघायला कॉलिप तो सशांना टोचत. डोस जास्त झाला की ससे आकडी येऊन पडायचे. ग्लुकोज टोचलं की उठून बसायचे. ही हायपोची ओळख. म्हणजे ज्या औषधानं आम्हाला जगवलं, त्याच्यासोबतच ही नवी भीती घरात आली, आणि ती औषध बाजारात यायच्या आधीच माहीत झालेली होती.

ह्या भीतीवर लक्ष ठेवायला मात्र घरात साधन नव्हतं. माझ्या लहानपणी आई परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायची, त्यात लघवीचे थेंब टाकून तापवायची. निळं राहिलं तर बरं, हिरवं-पिवळं झालं तर सावध, विटकरी झालं तर माझ्यावर आरडाओरडा. पण ह्या नळीतून साखर वाढलेली कळायची, कमी झालेली कळायची नाही. बोटातून थेंब काढून घरी तपासायची मशिनं परदेशात १९८० च्या सुमारास घरोघर यायला लागली. आमच्याकडे ती आली मी कॉलेजात असताना, आणि पट्टीच्या किमतीमुळे आठवड्यातून दोनदाच वापरली जायची. बाकी वेळी हायपो ओळखायची ती आईच्या नजरेनं. आणि ज्यांच्या घरी कुत्रं होतं त्यांच्यात काही जण सांगायचे की आमच्या कुत्र्याला कळतं.

डॉक्टरांनी हे बराच काळ हसण्यावारी नेलं. १९९२ साली ब्रिटनमध्ये काही डॉक्टरांनी टाइप वनच्या पेशंटना त्यांच्या पाळीव प्राण्यांबद्दल विचारलं, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त कुत्र्यांचं वागणं हायपोच्या वेळी बदलतं असं निघालं. २००० च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलनं तीन कुत्र्यांच्या हकिकती छापल्या. त्यातलं एक, कँडी, मालकिणीची साखर उतरली की खुर्चीखाली जाऊन लपायचं आणि तिनं गोड खाल्ल्यावरच बाहेर यायचं. २००८ साली बेलफास्टच्या संशोधकांनी २१२ कुत्रेवाल्यांना विचारलं. पासष्ट टक्के म्हणाले, एकदा तरी कुत्र्यानं ओळखलंय.

शिकवलेल्या कुत्र्यांची सुरुवात कॅलिफोर्नियातली. मार्क रुफेनाख्ट हे फॉरेन्सिक क्षेत्रातले गृहस्थ, स्वतः टाइप वन. ते अंधांसाठीच्या कुत्र्यांची पिल्लं सांभाळायचे. १९९९ मध्ये एका रात्री हायपोत असताना अशाच एका पिल्लानं त्यांना उठवलं. हे शिकवता येईल का, ह्या विचारानं ते आर्मस्ट्राँग नावाच्या लॅब्रॅडॉरच्या मागे लागले आणि २००४ साली त्यांनी 'डॉग्ज फॉर डायबेटिक्स' ही संस्था काढली. ब्रिटनमध्ये २००८ पासून 'मेडिकल डिटेक्शन डॉग्ज' हेच काम करते. पद्धत सांगायला सोपी आहे. हायपोच्या वेळचा घाम कापडावर टिपून ठेवायचा, तो वास ओळखला की खाऊ द्यायचा, आणि ओळखल्यावर पंजा मारायला किंवा भुंकायला शिकवायचं. कुत्र्याला नेमका कशाचा वास येतो? २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना हायपोच्या वेळी श्वासातला आयसोप्रीन नावाचा वायू वाढलेला दिसला. तोच वास कुत्री धरतात असं सिद्ध मात्र झालेलं नाही.

आता आकडे. व्हिडिओत हे नसतात.

ब्रिटनमध्ये २७ शिकवलेल्या कुत्र्यांचा अभ्यास २०१९ साली छापून आला. मधल्या फळीतल्या कुत्र्यानं शंभरातले ८३ हायपो ओळखले. उत्तमच. पण कुत्र्या-कुत्र्यात फार फरक होता. अमेरिकेत २०१६ साली आठ कुत्री अंगावरच्या सेन्सरच्या शेजारी तपासली. त्यांनी शंभरातले ३६ हायपो पकडले, आणि त्यांच्या शंभर इशाऱ्यांपैकी खरे निघाले फक्त बारा. शिवाय बहुतेक वेळा सेन्सरला कुत्र्याच्या आधी कळलं होतं.

आणि व्यवहार. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यानं २०१८ साली एका कुत्रे-विक्रेत्या कंपनीला कोर्टात खेचलं. आरोप असा की आजारी मुलांच्या आईबापांकडून हजारो डॉलर घेऊन नीट न शिकवलेली पिल्लं त्यांच्या गळ्यात मारली. तिथं सर्व्हिस डॉगला कायद्यात जागा आहे, तरी ही गत. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात डायबेटिस नाही. मग असा कुत्रा शाळेत, एसटीत, दवाखान्यात कोणत्या हक्कानं न्यायचा? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बंड्याच्या लिफ्टवरून दर महिन्याला भांडण होतं, ते तर वेगळंच.

म्हणून दादांना म्हणालो, एफडी मोडू नका. चौदा दिवसांचा सेन्सर मला चार-पाच हजाराला पडतो. तोही स्वस्त नाही, मीसुद्धा सलग लावू शकत नाही. पण अलार्मवाला सेन्सर घोरत नाही. परवडेल तेव्हा तो, नाहीतर झोपताना आणि पहाटे बोटातून तपासणं, आणि शाळेच्या बाईंना हायपो म्हणजे काय ते समजावणं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण पोरीला कुत्रं पाहिजेच आहे ओ." म्हटलं, मग पाळा की! गल्लीतलं आणा, लस टोचा. तिला सोबत होईल. राखणीची जबाबदारी तेवढी त्याच्यावर टाकू नका.

भारतात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे, हे आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासात आलंय. त्यातली टाइप वनची पोरं थोडी, म्हणून कुणाच्या जाहीरनाम्यात येत नाहीत. मागणी साधी आहे. सरकारी दवाखान्यात इन्सुलिनसोबत तपासायच्या पट्ट्याही नियमित मिळाव्यात, आणि टाइप वनच्या मुलांना सेन्सर सवलतीत मिळावा. निवडणुका येतायत. आपापल्या वॉर्डात उमेदवार आला की एवढं विचारा.

आणि एक लक्षात ठेवा. इन्सुलिन घेणारा माणूस घामाघूम होऊन बरळत असेल तर त्याला दारुडा समजू नका. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, सरळ १०८ ला फोन करा.

बंड्या आत्ता पायाशीच पडलाय. त्याच्या जातीची आमच्यावर १८८९ पासूनची उधारी आहे. मार्जोरीनं आणि त्या नंबरांच्या कुत्र्यांनी काही त्यांच्या मर्जीनं दिलं नव्हतं. म्हणून बंड्याला सांगून ठेवलंय, तू झोप निवांत. मी अलार्म लावलाय.

शेअर करायची तर पूर्ण करा, अर्धी कापून नको.