लिलावाच्या यादीत नसलेला खेळाडू: नोंद कुणाची होते, कुणाची राहते?

संशोधनाचा विषय ठरवायला बसलेल्या मित्रांनो, आज थोडं खेळाबद्दल बोलू. पण खरा मुद्दा खेळाचा नाही, यादीचा आहे. आपण ज्या यादीवरून संशोधन करतो ती कुणी, कशासाठी बनवली, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. तुम्हाला लवकर पडावा म्हणून हा लेख.

सुरुवात अमेरिकेतून करू. तिथल्या फुटबॉलमध्ये (आपला पायाने खेळायचा नाही, हातात अंडाकृती चेंडू घेऊन धावायचा) दरवर्षी ‘ड्राफ्ट’ होतो. कॉलेजमधून बाहेर पडणारे खेळाडू संघ पाळीपाळीने निवडतात, आणि आदल्या हंगामात सगळ्यात खाली राहिलेल्या संघाची पाळी पहिली. ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी मांडली, 1935 साली ती मान्य झाली आणि 1936 च्या फेब्रुवारीत पहिला ड्राफ्ट झाला. दुबळ्या संघांना चांगले खेळाडू मिळावेत, हा उघड हेतू. दुसरा परिणाम असा की एका खेळाडूसाठी दोन मालकांनी पैसे वाढवत नेणं बंद झालं. खेळाडूला एकच गिऱ्हाईक उरलं.

त्या पहिल्या ड्राफ्टमधलं पहिलं नाव होतं जे बरवँगर. ते व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळले नाहीत. उलट 1994 मध्ये कर्ट वॉर्नर नावाच्या खेळाडूला एकाही संघाने निवडलं नाही. तो ग्रीन बे संघाच्या सराव शिबिरात गेला, तिथूनही परत पाठवला गेला. मग किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावायचं काम त्याने केलं. 1999 च्या हंगामात तोच वॉर्नर सेंट लुईस रॅम्सकडून स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच्या संघाने सुपर बोल जिंकला.

म्हणजे ड्राफ्टची यादी संपली की दुसरा बाजार सुरू होतो. यादीत न आलेले नवखे आणि करार संपलेले जुने खेळाडू संघ गोळा करतात. जुन्यांना ही मोकळीक सहज मिळाली नाही. रेगी व्हाइट आणि इतर खेळाडू कोर्टात गेले, तेव्हा कुठे 1993 पासून करार संपलेल्या खेळाडूला आपला संघ निवडता येऊ लागला.

त्याच वर्षी आपल्याकडे

आता 1935 हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी मुंबईच्या गिरणीमालक संघटनेने बदली कामगारांसाठी नियंत्रण योजना आणली. तोवर सकाळी गिरणीच्या दारात गर्दी व्हायची आणि कोणाला आत घ्यायचं हे जॉबर ठरवायचा. त्यात वशिला होता, चिरीमिरी होती. नव्या योजनेत ठरावीक बदली कामगारांना कार्ड मिळालं. त्यांनी रोज सकाळी हजर राहायचं आणि कोणी कायम कामगार आला नाही तर कार्डवाल्यालाच काम द्यायचं.

ड्राफ्ट आणि बदली कार्ड यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे स्पष्ट सांगतो. साल जुळलं म्हणून कारण जुळत नाही. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती. मालकांनी एकत्र येऊन भरतीची यादी बनवली. यादीमुळे आतल्यांना थोडा आधार मिळाला आणि बाहेरचे आणखी बाहेर गेले. कार्डवाल्याची निदान नोंद तरी राहिली. कार्ड नसलेला किती दिवस दारात उभा राहिला, हे कोण लिहिणार?

मी भिवंडीचा, म्हणून हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर कापडाचं बरंच काम यंत्रमागांकडे वळलं आणि भिवंडी वाढली. इथे मजुरी मीटरवर. पुष्कळ कामगारांचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नसतं. पद्मानगरच्या गल्लीतून रात्री जा, माग चालू असल्याचा खडखडाट ऐकू येतो. माग किती आहेत हे मोजता येतं, पण ते चालवणाऱ्यांचा इतिहास लिहायचा तर कागद कुठून आणायचा?

कबड्डीचा बाजार

आता आपल्या मातीतल्या खेळाकडे येऊ. एकेकाळी कबड्डीपटूला संघात घेणं म्हणजे नोकरी देणं. रेल्वे, बँका, तेल कंपन्या, एअर इंडिया, महिंद्रा अशा संघांकडे पोरं बघायची ती पगारासाठी. 2014 मध्ये प्रो कबड्डी लीग आली आणि नोकरीच्या जोडीला लिलाव आला. पहिल्या लिलावात सर्वात महाग ठरला राकेश कुमार, पाटणा पायरेट्सने त्याला 12.80 लाखांना घेतलं. 2018 मध्ये मोनू गोयतवर हरियाणा स्टीलर्सने 1.51 कोटी लावले.

त्याच 2018 च्या हंगामात दोन वेगळ्या गोष्टी घडल्या. दबंग दिल्लीने नवीन कुमार या पोराला लिलावाबाहेरच, नव्या खेळाडूंच्या योजनेतून घेतलं. त्याच्यावर बोली लागलीच नव्हती. पुढच्या हंगामात त्याने चढाईत 301 गुण मिळवले आणि आठव्या हंगामात दिल्ली विजेती झाली. आपला अस्लम इनामदारही असाच लिलावाशिवाय पुणेरी पलटणमध्ये आला आणि 1 मार्च 2024 ला दहाव्या हंगामाचा चषक त्याच्या नेतृत्वाखाली पुण्याने उचलला.

दुसरी गोष्ट जुन्या खेळाडूची. पहिले पाच हंगाम यू मुंबाचा कर्णधार असलेला अनुप कुमार 2018 ला जयपूरकडे गेला आणि त्याच डिसेंबरमध्ये निवृत्त झाला. त्याहून कठीण प्रसंग 2025 चा. परदीप नरवाल, लीगच्या इतिहासात चढाईचे सर्वाधिक, 1800 हून जास्त गुण मिळवणारा. पाटण्याच्या सलग तीन विजेतेपदांतला हिरो. एकेकाळी त्याच्यावर 1.65 कोटींची बोली लागली होती. 2025 च्या लिलावात एकाही संघाने हात वर केला नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. वय 28. या वयात आपल्यातले बरेच जण पीएचडीचा दुसरा प्रगती अहवाल लिहीत असतात!

मग संशोधकाने काय करायचं?

माझी पहिली चूक सांगतो. मी लिलावाच्या आकड्यांचा तक्ता केला, सरासरी काढली आणि खूश झालो. न विकलेल्यांच्या रकान्यात शून्य टाकलं होतं. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, “शून्य म्हणजे काय रे?”

उत्तर देता येईना. विचार करून बघा. दहाव्या हंगामात ‘अ’ गटाची मूळ किंमत 30 लाख होती आणि ‘ड’ गटाची 9 लाख. ‘अ’ गटातला खेळाडू विकला गेला नाही, तर त्यातून एवढंच कळतं की 30 लाख द्यायला कोणी तयार नव्हतं. 20 लाखाला कदाचित चार संघ धावले असते. म्हणजे त्याची किंमत शून्य नाही, ती एका मर्यादेच्या खाली कुठेतरी आहे. मोठ्या नावाची मूळ किंमतच मोठी, म्हणून उतरत्या काळात तेच नाव त्याला अडवू शकतं. नवीन किंवा अस्लमची रिकामी जागा वेगळी, कारण तिथे बोली लावलीच गेली नव्हती. तक्त्यात दोन्ही जागा कोऱ्या दिसतात, पण त्या कोऱ्या राहण्याची कारणं वेगळी आहेत. आधी कारण लिहा, मग गणित करा.

दुसरी सावधगिरी वॉर्नर आणि नवीनच्या गोष्टींबद्दल. ‘यादीत नसलात तरी चमकाल’ असा निष्कर्ष त्यातून काढू नका. या गोष्टी आपल्यापर्यंत पोचल्या कारण ते जिंकले. शिबिरातून परत पाठवलेले बाकीचे कुठे गेले, ते कोणी विचारलं नाही.

म्हणून माझी सध्याची पद्धत साधी आहे. अधिकृत यादी हातात आली की शेजारी दुसरी वही उघडतो. तालुक्याच्या स्पर्धांच्या पत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, जुन्या खेळाडूंच्या मुलाखती. काम हळू चालतं. परवा आमच्याच भागातला एक जुना पकडपटू भेटला, आता लूमवर रात्रपाळी करतो. त्याने सामन्यांची नावं, साल, कोणी किती पैसे कबूल केले आणि किती दिले, सगळं तोंडपाठ सांगितलं. मी लिहून घेतलं. निघताना म्हणाला, “हे कुठे छापून येणार असेल तर नाव नको टाकू, सेठ वाचेल.”

नाव टाकलं नाही. नोंद मात्र केली आहे.